ड्राय फ्रेंच व्हाइट वाइन: पहिली बाटली कोणती आणि तिच्यासोबत काय खावं

ड्राय फ्रेंच व्हाइट वाइन पहिल्यांदा घेतली की बहुतेकांना ती आंबट लागते. कुणाच्या तरी घरी ग्लास हातात येतो, समोर खायला काही नसतं, पहिल्याच घोटाला दात आंबतात आणि "आपल्याला नाही जमणार हे" म्हणून माणूस त्या वाटेला पुन्हा जात नाही. यात वाइनचा दोष नाही आणि पिणाऱ्याचाही नाही. ल्वार नदीच्या मुखाजवळ किंवा शाब्लीच्या टेकड्यांवर ही वाइन बनते ती जेवणासोबत घ्यायची म्हणूनच. ती आम्लता तिथल्या माशांसाठी, लोण्यासाठी, चीजसाठी आहे. ते सगळं बाजूला काढून नुसता ग्लास पुढे केला तर ती अर्धीच कळणार.

म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: आधी काय खायचं ते ठरवा, मग बाटली घ्या. खाली ज्या क्रमाने सांगितलंय त्याच क्रमाने गेलात तर चार-पाच बाटल्यांत तुमचं तुम्हालाच निवडता येऊ लागेल.

ड्राय म्हणजे नेमकं काय

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. जवळजवळ सगळी साखर संपेपर्यंत हे चालू दिलं की ड्राय वाइन तयार होते. युरोपीय संघाच्या नियमानुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर वाइन ड्राय म्हणवते. आम्लता तितकीच भक्कम असेल तर ९ ग्रॅमपर्यंतही चालतं, कारण त्या आंबटपणापुढे तेवढी साखर जिभेला कळत नाही.

नवख्यांची गडबड होते ती वासामुळे. ग्लासातून पीचचा, पेरचा, फुलांचा वास येतो आणि मन गोडाची तयारी करतं. मग जिभेवर गोडी येत नाही तेव्हा चुकल्यासारखं वाटतं. फळाचा वास वेगळा आणि साखर वेगळी, एवढं पहिल्या घोटाआधी मनाला सांगून ठेवा.

बाटलीवर 'सेक' लिहिलेलं असेल तर ती ड्राय. 'दमी-सेक' म्हणजे किंचित गोड, 'म्वालो' आणि 'दू' म्हणजे गोड. शॅम्पेनचं गणित मात्र उलटं आहे. तिथे 'सेक' लिहिलेली बाटली बऱ्यापैकी गोड निघते, ड्राय हवी असेल तर 'ब्रूत' शोधावी लागते. बोर्दो भागातली सोतेर्न आणि बार्साक ही नावं दिसली तर ती जेवणानंतरची गोड वाइन आहे, माशासोबत उघडू नका. आल्झास भागातल्या बाटलीवर 'व्हाँदांज तार्दिव्ह' असेल तर द्राक्षं उशिरा तोडलेली आहेत, म्हणजे तीही बहुतेक गोडच.

अडचण अशी की बऱ्याचशा ड्राय बाटल्यांवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तिथे फक्त एका गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असतं आणि त्यावरूनच सगळं ओळखायचं असतं.

लेबलवर गाव वाचा

नाशिकची बाटली घेतली की तिच्यावर द्राक्षाच्या जातीचं नाव ठळक असतं. फ्रान्समध्ये जातीचं नाव बहुधा नसतंच. आपल्याकडे कुणी नुसतं 'देवगड' म्हटलं तरी आंबा कुठला ते कळतं, तसं तिथे 'शाब्ली' म्हटलं की द्राक्ष शार्दोने, वाइन पांढरी आणि ड्राय, हे गृहीत असतं. यामागे कायदा आहे. १९३५ साली फ्रान्सने आपेलास्याँची, म्हणजे उगमस्थानाच्या नावाची, पद्धत कायद्यात बांधली आणि पुढच्याच वर्षापासून एकेका भागाला तो दर्जा मिळू लागला. कुठल्या शिवारातलं द्राक्ष, कुठली जात, एकरी किती पीक, वाइन कशी बनवायची, हे सगळं त्या नावासोबत ठरलेलं असतं.

सुरुवातीला एवढी नावं पुरतात. मुस्कादे: द्राक्ष मलों द बुर्गोन्य. साँसेर आणि पुई-फ्युमे: सोव्हिन्याँ ब्लाँ. शाब्ली, माकाँ, मर्सो आणि पुई-फ्विसे: शार्दोने. आँत्र-द-मेर: सोव्हिन्याँ आणि सेमियाँ यांचं मिश्रण. साव्हेनियेर आणि वूव्रे: शेनिन ब्लाँ. पिकपूल द पिने: पिकपूल. पुई-फ्युमे आणि पुई-फ्विसे या दोन नावांत भल्याभल्यांचा घोळ होतो. पहिलं ल्वार नदीकाठचं, दुसरं बुर्गोन्यच्या, म्हणजे बर्गंडी प्रदेशाच्या, दक्षिण टोकाचं, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आल्झास हा अपवाद. तिथे उंच, निमुळत्या बाटलीवर जातीचं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं.

पहिली बाटली: मुस्कादे

माझ्या मते सुरुवात मुस्कादेनेच करावी. ती स्वस्त आहे. फ्रान्समधल्या सुपरमार्केटात चांगली बाटलीही सहसा दहा युरोंच्या आत मिळते. अल्कोहोल बेताचं, १२ टक्क्यांच्या आसपास. वास फार बोलका नाही, त्यामुळे जेवणाच्या आड येत नाही. आणि आम्लता म्हणजे काय, ती ताटात काय काम करते, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरी कुठलीच वाइन शिकवत नाही.

ही वाइन नाँत शहराच्या आसपासची, ल्वार जिथे अटलांटिकला मिळते तिथली. सतराव्या शतकात डच व्यापारी इथून हलकी पांढरी वाइन न्यायचे, बहुतेक ब्रँडी गाळण्यासाठी. मग १७०९ चा भयंकर हिवाळा आला. इतकी कडाक्याची थंडी पडली की या भागातले द्राक्षमळे मेले. पुन्हा लागवड करताना बुर्गोन्यकडून आलेली मलों ही जात पसरली, कारण ती गारठा सोसते. आज मुस्कादे या एकाच जातीवर उभी आहे. सगळ्यात जास्त मिळणारी बाटली 'मुस्कादे सेव्र-ए-मेन', दोन छोट्या नद्यांच्या नावावरून. तिला आपेलास्याँचा दर्जा १९३६ मध्येच मिळाला.

घेताना लेबलवर 'स्युर ली' हे दोन शब्द शोधा. आंबवण्याचं काम संपलं की मेलेलं यीस्ट टाकीच्या तळाशी साचतं. एरवी वाइन त्यावरून काढून घेतात. इथे मात्र ती सगळा हिवाळा त्या गाळावरच ठेवतात आणि पुढच्या वर्षीच्या १ मार्चआधी बाटलीत भरायला परवानगी नसते. त्या गाळामुळे वाइनला थोडा भरीवपणा येतो, ताज्या पावासारखा हलका वास येतो, आणि थोडा कार्बन डायऑक्साइड तिच्यात अडकून राहतो. ग्लासात डोळ्यांना बुडबुडे क्वचितच दिसतात, पण जिभेच्या टोकाला बारीक चुरचुर जाणवते. ती वाइन बिघडल्याची खूण नाही, उलट ताजेपणाची आहे.

पुढे कधी हात थोडा सैल सोडायचा झाला तर 'क्लिसाँ' किंवा 'गोर्ज' अशी गावांची नावं असलेली मुस्कादे घ्या. २०११ पासून या गावांना वेगळी मान्यता आहे. ही वाइन गाळावर दोन-दोन वर्षं राहते. क्लिसाँची जमीन ग्रॅनाइटची, गोर्जची गॅब्रो नावाच्या काळ्या खडकाची. हलकी मुस्कादे प्यायलेल्या माणसाला हीच जात आहे यावर विश्वास बसत नाही.

आता ताट. नाँतच्या आसपास मुस्कादेसोबत कालवं खातात. कोकणात खडकावरून फोडून आणलेली कालवं आपण शिजवून खातो. अटलांटिकच्या काठावर ती जिवंत, कच्ची, शिंपल्यातल्या खाऱ्या पाण्यासकट खातात. ताटात बर्फ, त्यावर उघडलेले शिंपले, बाजूला राय धान्याचा पाव आणि खारं लोणी. आधी कालव तोंडात घ्या, दोनदा तरी चावा, गिळा, आणि तोंडात समुद्राचं मीठ असतानाच वाइनचा घोट घ्या. पाच मिनिटांपूर्वी आंबट लागलेली वाइन अचानक गोलसर लागते, आणि कालवाची जी गोडी मिठाखाली दबलेली होती ती वर येते. सोबत कापलेला कांदा घातलेल्या व्हिनेगरची वाटी देतात, ती बाजूला ठेवा. व्हिनेगरपुढे वाइनला काही बोलता येत नाही.

कच्चं खायची तयारी नसेल तर उकडलेली कोळंबी, खेकडा, वाफवलेले शिंपले, तळलेला छोटा मासा, यातलं काहीही चालेल.

दक्षिणेकडे, भूमध्य समुद्राच्या काठी, हेच काम पिकपूल द पिने करते. 'तो' (Thau) नावाच्या खाऱ्या सरोवराकाठी तिचे मळे आहेत आणि त्याच सरोवरात बुझीगची कालवं वाढतात. मुस्कादे मिळाली नाही तर ही घ्या.

थंड किती करायची

फ्रीजमध्ये साधारण ४ अंश असतं. एवढ्या थंड वाइनला वासही राहत नाही आणि चवही राहत नाही. मुस्कादे, पिकपूल, सोव्हिन्याँ यांना ८ ते १० अंश पुरतं. चांगली शाब्ली किंवा मर्सो १० ते १२ अंशांना खुलते. थर्मामीटर नको. बाटली फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं टेबलावर ठेवली की झालं. मुंबईच्या मे महिन्यात दहा मिनिटंही पुष्कळ.

घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात बाटलीला खडे टेकतात तेवढीच जागा थंड होते. पाणी सगळीकडून भिडतं, मीठ ते आणखी थंड करतं, आणि वीस मिनिटांत काम होतं.

ग्लास वर निमुळता होणारा असावा आणि एक तृतीयांशच भरावा. बाकी ग्लासांच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका.

एक छोटा प्रयोग

पहिल्या बाटलीवर हा करून पाहाच. एका ताटलीत चार गोष्टी घ्या: मीठ भुरभुरलेला काकडीचा काप, लोणी लावलेला पाव, लिंबाची फोड आणि एक पेढा. आधी नुसती वाइन चाखा. मग एकेक गोष्ट खा आणि प्रत्येकीनंतर एक घोट घ्या.

मिठानंतर वाइन मवाळ होते. लोण्यानंतर ती जीभ धुऊन काढते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. लिंबानंतर तीच वाइन जवळजवळ गोड वाटते, कारण जीभ त्याहून जास्त आंबटाला सरावलेली असते. आणि पेढ्यानंतर ती कडवट, पातळ, अगदी नकोशी होते.

सगळा मेळ या चार घासांत आहे. खारट, तेलकट, लोण्यातले आणि आंबटसर पदार्थ ड्राय व्हाइट वाइनला मानवतात. गोड मानवत नाही. वाइन पदार्थाहून कमी आंबट असेल तर ती मिळमिळीत लागते. पाचवी गोष्ट तिखट, तिच्याकडे पुढे येतो.

दुसरी बाटली: साँसेर, आणि शाकाहारी ताट

मासे न खाणाऱ्यांनी इथूनच सुरुवात केली तरी हरकत नाही. साँसेर हे ल्वारच्या वरच्या अंगाला, टेकडीवर वसलेलं गाव. तिथल्या सोव्हिन्याँ ब्लाँला लिंबाच्या सालीचा, कापलेल्या गवताचा, हिरव्या पानांचा वास असतो. म्हणून हिरव्या भाज्या आणि ताजा पाला तिला आवडतो: अस्परॅगस, मटार, पार्सली, तुळशीच्या जातीची बेझिल. अस्परॅगस बहुतेक वाइनना बिघडवतो, सोव्हिन्याँ मात्र त्याच्यासोबत नांदते.

पण साँसेरचा खरा सोबती आहे शेळीच्या दुधाचं चीज. शाविन्योल हे साँसेरच्याच शिवारातलं खेडं. तिथलं क्रोतँ द शाविन्योल हे मुठीत मावेल असं छोटं गोल चीज. त्याला १९७६ मध्ये आपेलास्याँ मिळालं. ताजं असताना ते पांढरं, ओलसर, दह्याच्या चक्क्यासारखं आंबटसर असतं. वाळत जाईल तसं घट्ट होतं, वर निळसर बुरशी येते, चव खारट आणि तिखटसर होते. वाइनशी पहिल्यांदा गाठ घालायला मधल्या वयाचं घ्या. पावाच्या कापावर ठेवून ओव्हनमध्ये कडा तपकिरी होईपर्यंत भाजा आणि कोशिंबिरीच्या पानांवर ठेवा. फ्रान्समधल्या कुठल्याही साध्या खाणावळीत हे मिळतं. चीजसोबत रेडच हवी हा समज अजून सगळीकडे आहे, आणि तो सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. बहुतेक चीजना व्हाइट जास्त शोभते.

साँसेर महाग झाली आहे. तोच स्वाद कमी पैशांत हवा असेल तर शेजारची मनतू-सालाँ, काँसी, रई, किंवा आणखी पश्चिमेची तूरेन सोव्हिन्याँ विचारा.

काटेकोर शाकाहारी असाल तर आणखी एक गोष्ट ठाऊक असू द्या. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा बलक सोडून उरलेला पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. तो गाळासोबत खाली बसतो आणि काढून टाकतात, पण वापरलेला असतो. अंडं आणि दूध यांचा अंश उरला असेल तर लेबलवर लिहावं लागतं, माशाच्या पदार्थासाठी तशी सक्ती नाही. म्हणून ज्यांना हे चालत नाही त्यांनी 'व्हीगन' असं छापलेली बाटलीच घ्यावी. अशा बाटल्या आता सहज मिळतात.

तिसरी बाटली: शाब्ली

शाब्ली बुर्गोन्यच्या उत्तर टोकाला आहे, बुर्गोन्यच्या मुख्य पट्ट्यापासून बरीच दूर. द्राक्ष शार्दोनेच, पण इथे इतकी थंडी की उबदार देशांतल्या शार्दोनेची जाडसर, अननसाच्या वळणाची चव इथे येत नाही. हिरवं सफरचंद, लिंबू, आणि काहीतरी ओल्या दगडासारखं.

जमिनीत चुनखडी आणि चिकणमाती, आणि त्यात कोट्यवधी छोट्या, स्वल्पविरामाच्या आकाराच्या कालवांचे जीवाश्म. साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. मळ्यातला दगड उचलला तर शिंपले नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणून शाब्लीत समुद्राची चव येते असं सांगतात, पण मुळं दगडाची चव ओढून द्राक्षात नेत नाहीत. ती जाणीव आम्लतेतून आणि थंड हवेतून येते. कालवांशी तिचं जमतं मात्र खरंच फार छान.

वसंतातलं हिमदव हा इथला कायमचा घोर. एप्रिलमध्ये कोंब फुटतात आणि एखाद्या रात्री पारा शून्याखाली जातो. तेव्हा शेतकरी रात्रभर जागून ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवतात, किंवा वेलींवर पाणी फवारतात. पाण्याचा बर्फ होताना थोडी उष्णता बाहेर पडते आणि बर्फाच्या कवचात कोंब वाचतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये असंच हिमदव पडून फ्रान्सभर मोठं नुकसान झालं. किमती वाढलेल्या दिसल्या तर त्यामागे अशा रात्री असतात.

शाब्लीच्या खालून वर चार पायऱ्या आहेत: पेती शाब्ली, शाब्ली, प्रमिये क्र्यू आणि ग्राँ क्र्यू. ग्राँ क्र्यूचे सात तुकडे सगळे एकाच उतारावर, सरँ नदीपलीकडे. पहिल्यांदा घेताना साधी 'शाब्ली' घ्या. ग्राँ क्र्यू कोवळी असताना उघडण्यात अर्थ नाही, ती वर्षानुवर्षं थांबण्यासाठी आहे.

ताटात काय? कालवं आहेतच. त्याशिवाय गूझेर, म्हणजे चीज घातलेले पोकळ, खमंग भाजलेले गोळे. तिथल्या तळघरांत वाइनसोबत हेच पुढे करतात. सायीच्या रश्शातला मासा, लसूण-पार्सलीच्या लोण्यातल्या गोगलगायी, लोण्यात परतलेलं मशरूम, साधं भाजलेलं कोंबडं. सॉस जितका सायीचा, तितकी वरच्या पायरीची शाब्ली घ्यावी. त्याहून जड काही असेल, म्हणजे लॉबस्टर किंवा भरपूर लोण्यातला मासा, तर लाकडी पिंपात मुरलेली मर्सो.

आल्झास, बोर्दो आणि शेनिन

आल्झासची रीझलिंग ताठ, सुवासिक, आणि डुकराच्या मांसाचे प्रकार घातलेल्या आंबवलेल्या कोबीसोबत, म्हणजे शूक्रूतसोबत, बिनतोड. शाकाहारी ताटात कांद्याचा तार्त किंवा साय-कांदा पसरलेली पातळ भाकरीवजा तार्त फ्लाँबे घ्या, खारवलेलं डुकराचं मांस न घालता मागवा. पूर्वी आल्झासची बाटली ड्राय आहे की गोडसर ते उघडल्यावरच कळायचं. २०२१ च्या हंगामापासून 'सेक' ते 'दू' यांपैकी काय ते लेबलवर लिहिणं बंधनकारक झालं, नवख्यांची मोठी सोय झाली.

बोर्दोची आँत्र-द-मेर गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांमधली. रोजच्या जेवणाला साधी आणि रास्त.

शेनिन ब्लाँ आपल्या ओळखीची, कारण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नाशिककडे सोव्हिन्याँसोबत तीही लावली गेली. नाशिकला द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, ल्वारला शरदात. आपल्याकडच्या शेनिनमध्ये बऱ्याचदा थोडी साखर ठेवलेली असते. तीच जात ड्राय आणि करारी कशी होते ते पाहायचं तर ल्वारची साव्हेनियेर घ्या. वूव्रे घेताना मात्र लेबल नीट वाचा, कारण ती ड्राय, गोडसर, गोड आणि बुडबुड्यांची अशी चारही रूपांत मिळते.

आपल्या स्वयंपाकासोबत

आपल्या जेवणासोबत ही वाइन चालेल का, हे युरोपात राहणारे मराठी लोक फार विचारतात, आणि उत्तर सरळ आहे: तिखटाचं प्रमाण ठरवतं. मिरची आणि अल्कोहोल दोन्ही तोंडात आग वाढवतात, आणि ड्राय वाइनमध्ये ती विझवायला साखर नसते. मालवणी मसाल्याची सणसणीत आमटी, तांबडा रस्सा, ठेचा यांच्यासोबत ड्राय फ्रेंच वाइन उघडू नये. तिथे दमी-सेक वूव्रे किंवा गोडसर आल्झास पिनो ग्री बरी. सोलकढीच्या पानावर तर वाइन नकोच, कोकमाचा आंबटपणा आणि नारळाचं दूध असताना तिला काही करायला उरत नाही.

तळणीत मात्र आपली सरशी आहे. हळद-मीठ-लिंबू लावून रव्यात घोळलेले कुरकुरीत बोंबील आणि थंड मुस्कादे ही जोडी नाँतच्या तळलेल्या माशाइतकीच चांगली जमते. पापलेट, सुरमई, काणे तसेच. बांगडा तेलकट आणि उग्र, त्याला पिकपूल द्या. तिसऱ्या हिरवी मिरची कमी ठेवून ओल्या खोबऱ्यात केल्या तर शाब्ली चालते. कोथिंबीर वडीला साँसेर किंवा तूरेन, कारण दोघींचा हिरवा वास जुळतो. अळूवडीत गूळ आणि चिंच असते, म्हणून तिथे पुन्हा थोडी गोडसर बाटली.

फ्रान्समधल्या रेस्टॉरंटात

पूर्ण बाटली घ्यायची गरज नाही. "अँ व्हेर द व्हँ ब्लाँ सेक, सिल व्हू प्ले" म्हटलं की ड्राय व्हाइटचा एक ग्लास येतो, साधारण १२ सेंटिलिटरचा. दोघांत पाव लिटरचा 'पिशे' मागवता येतो. जेवणाचं आधी सांगा, मग वाइन विचारा. वाढणाऱ्याला काय मागवलंय ते कळलं की तो मनापासून सुचवतो. नळाच्या पाण्याचा जग फुकट मिळतो, "उन काराफ दो" म्हणून तोही घ्या. गाडी चालवायची असेल तर पिऊ नका. तिथली मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम आहे आणि नव्या चालकांना ०.२, म्हणजे त्यांना एक ग्लासही जास्त.

बाटली मागवली तर पहिला घोट तुम्हाला चाखायला देतात. तो आवडली की नाही ते सांगण्यासाठी नसतो, बिघडलेली नाही ना हे पाहण्यासाठी असतो. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास आला तर बूच खराब आहे. तसं शांतपणे सांगा, बाटली बदलून देतात. बुचाला किंवा तळाशी काचेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातल्याच आम्लाचे स्फटिक, निरुपद्रवी.

उरलेल्या बाटलीचं काय

बूच परत लावून फ्रीजमध्ये उभी ठेवली तर ड्राय व्हाइट दोन-तीन दिवस चांगली राहते. त्यानंतर ती स्वयंपाकाची.

सगळ्यात सुंदर उपयोग म्हणजे नाँतचा बर ब्लाँ, लोण्याचा पांढरा सॉस. दोन छोटे शॅलट कांदे अगदी बारीक चिरा. लहान पातेल्यात कांदा, १०० मिली मुस्कादे आणि ५० मिली पांढऱ्या वाइनचं व्हिनेगर घाला आणि मंद आचेवर आटवत राहा. तळाशी दोन-तीन चमचे ओलावा उरला, कांदा मऊ पारदर्शक झाला, की आच अगदी बारीक करा. आता फ्रीजमधलं थंड लोणी, साधारण २०० ग्रॅम, छोटे तुकडे करून एकेक घाला आणि सतत फेटत राहा. एक तुकडा विरघळत आला की पुढचा. सॉस सायीसारखा दाट आणि फिकट पिवळसर झाला पाहिजे. उकळी मात्र येऊ देऊ नका, आली की लोणी फुटून तूप वर तरंगतं. तसं होईलसं वाटलं तर पातेलं लगेच आचेवरून उचला आणि लोण्याचा एक थंड तुकडा टाकून जोरात फेटा. मीठ शेवटी.

ल्वारकाठी तो नदीतल्या वाफवलेल्या माशावर घालतात. आपल्याकडे वाफवलेला रावस किंवा जिताडा त्याला चांगला शोभतो. सोबत उकडलेला बटाटा आणि त्याच मुस्कादेचा ग्लास.

एवढा खटाटोप नको असेल तर उरलेली वाइन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. शिंपले किंवा मशरूम परतताना लोणी-लसणावर दोन खडे टाका, झाकण ठेवा, वास बदलेपर्यंत दोन मिनिटं उकळू द्या, मग वरून पार्सली किंवा कोथिंबीर घाला.